गुडघ्यांना सोसतील असे फिन

वहिनींनी पोहताना पायात घालायचा रबरी फिन हातात घेतला आणि आधी उलटा केला. टाचेची कड अंगठ्याने दाबून बघितली, आत बोटं घालून शिवण शोधली, ती नव्हती, मग दोन्ही टोकं धरून तो मधोमध वाकवला. फिन मुकाट्याने घडी होऊन मिटला. नव्या बुटाचा तळ सुटला म्हणून गिऱ्हाइकाने बूट आणून आदळावा, तसा वहिनींनी तो काउंटरवर ठेवला.

"हे पायपुसणं कुणासाठी ठेवलंय?"

"पोहणाऱ्यांसाठी," दुकानदार म्हणाला. दाढीवाला, अंगाने आडवा, फार बोलायचा कंटाळा असलेला माणूस. त्याच्या मागे भिंतीवर पाण्यात बघायचे चष्मे, श्वासाच्या नळ्या, रबरी कपडे टांगलेले, आणि खालच्या मांडणीत नुसते फिन. लांब, आखूड, मधून चिरलेले, पट्ट्याचे, बिनपट्ट्याचे.

"पोहणाऱ्याच्या पायाला आधार नको?"

"पाण्यात कसला आधार, बाई?"

वहिनींनी पुढचा फिन उचलला. उत्तर न देणं हीसुद्धा दुकानदारीच असते, आणि ती त्यांना त्याच्याहून जास्त येत होती.

उभं आयुष्य त्यांनी बुटांच्या दुकानात पाय मापण्यात काढलं होतं. गिऱ्हाईक वर खुर्चीत, वहिनी खाली, एक गुडघा जमिनीवर आणि दुसऱ्यावर मापाची पट्टी. माणूस दुकानात शिरला की त्याचा चेहरा बघायच्या आधी त्या त्याची टाच बघत. कुणाची आतून झिजलीय, कुणाची बाहेरून, कोण एका पायावर जास्त रेलतो. "मला आठ नंबर लागतो," असं कुणी म्हणालं की त्या म्हणत, "लागत असेल, पण बसतो नऊ." आणि नऊच बसायचा. त्या सबंध काळात त्यांचे स्वतःचे गुडघे गालिच्याखालच्या फरशीवर हळूहळू झिजत होते, आणि ते कुणी मापत नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, आतली गादी संपत आलीय, आज ना उद्या सांधे बदलावे लागतील, तोवर पाण्यात व्यायाम करा.

पाण्यात त्यांना त्यांच्या नणंदेने नेलं. नणंद म्हणजे वाळकी, चिवट बाई, रोज सकाळी बायकांच्या गटाबरोबर समुद्रात पोहणारी. ती वहिनी म्हणायची म्हणून सगळा गट वहिनी म्हणायला लागला, आणि हळूहळू दुकानातली माणसंसुद्धा.

पहिल्या सकाळी वहिनी कमरेपर्यंतच्या पाण्यात उभ्या राहिल्या. दुखणं ही एक वस्तू असते, तिला वजन असतं, ती जिना चढताना आपल्याबरोबर चढते आणि उतरताना आपल्याआधी उतरते, हे त्यांना माहीत होतं. पाण्यात तेही वजन निघून जातं, हे माहीत नव्हतं. त्या आडव्या झाल्या, चष्म्यातून खाली बघितलं, नळीतून श्वास घेतला, आणि बराच वेळ वर आल्याच नाहीत. नणंदेला वाटलं, गेली बाई.

बंदराच्या धक्क्याच्या पुढे साखळीने तळाशी बांधलेला, तरंगणारा पिवळा बोया होता, आणि बोयाच्या बऱ्याच पुढे पाण्यातून नुसता खांदा बाहेर काढून बसलेला एक काळा खडक. त्याच्या पलीकडच्या अंगाला तळ एकदम खाली जातो आणि तिथे काय काय दिसतं, याचं वर्णन नणंद घरी येऊन चहा पिताना इतकं रंगवून करी की चहा गार होई. वहिनींना तिथे जायचं होतं. याच मोसमात, गुडघे बदलायच्या आधी, स्वतःच्या गुडघ्यांनी. याहून जास्त कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि बहुधा नव्हतंच.

पण गटाला शिकवणाऱ्या बाईंचा नियम कडक होता. जिला बोयाला वळसा घालून, कशालाही न धरता परत येता येतं, तीच खडकावर येणार. धक्क्याच्या पुढे पाण्याला ओढ होती, नुसत्या पायांनी ती कापली जात नव्हती. म्हणून फिन. गटाकडे जुने फिन होते, पण वहिनी म्हणाल्या, "दुसऱ्याच्या पायात मुरलेली वस्तू मी गिऱ्हाइकाला देत नाही, स्वतः कशी घालू?"

आणि आता त्या मांडणीतला एकेक फिन वाकवून नापास करत होत्या. चांगला बूट फक्त चवड्यापाशी वाकतो. मधोमध घडी होणारा बूट पायाला आधार देत नाही, आणि आधार नसला की पहिला मार बसतो गुडघ्याला. ही गोष्ट त्यांनी इतक्या गिऱ्हाइकांना सांगितली होती की ती आता त्यांना आठवावीही लागत नव्हती. आखूड मऊ फिन गेले. मधून चिरलेले तर त्यांनी हातातही घेतले नाहीत. "फाटका माल बाहेर कशाला मांडलाय?" शेवटी सगळ्यात वरच्या फळीवरचे लांब काळे फिन उतरवायला लावले. पातं वाकवून बघितलं. जोर लावला तरी ते जेमतेम हललं.

"हा," त्या म्हणाल्या. "याला म्हणतात माल."

दुकानदाराने दाढी खाजवली. "गुडघे कसे आहेत तुमचे?"

"माझ्या गुडघ्यांचं मी बघते. तुम्ही एक नंबर मोठा द्या, सकाळी पाय सुजलेले असतात."

त्याने दिला. वाद घालण्यापेक्षा पिशवी भरणं त्याला सोपं होतं.

*

ते फिन घालणं हाच एक कार्यक्रम होता. टाच बंद असलेला प्रकार, त्यात पाय कोंबायचा तर गुडघा पूर्ण दुमडावा लागे. वहिनींनी दुकानातून लांब दांड्याचं शूहॉर्न आणलं होतं. पायरीवर बसून त्या फिनमध्ये शूहॉर्न घालून टाच सरकवत होत्या आणि गटातल्या बायका हसून पाण्यात पडत होत्या.

"वहिनी, लग्नाला निघालीस का?" नणंद ओरडली. "पॉलिश पण आण!"

"तुमच्या पायांसारखे वाटेल त्यात बसणारे पाय नाहीत आमचे, वन्सं."

नणंद वयाने लहान, पण तिची खोडी काढायची असली की वहिनी तिला वन्सं आणि तुम्ही म्हणत.

निघाल्या तेव्हा सगळं ठीक होतं. लांब पातं पाण्याला ढकलत होतं, अंग पुढे सरकत होतं, वहिनींना वाटलं, हेच, मी म्हटलं नव्हतं? धक्क्याचं टोक मागे पडलं. तिथे ओढ लागली. त्यांनी पाय जोरात मारला. पुन्हा मारला. आणि उजव्या गुडघ्याच्या आत, वाटीच्या खाली, कुणीतरी काडी ओढल्यासारखा जाळ झाला. मग डाव्या. पिवळा बोया समोर होता, तो जवळही येत नव्हता आणि लांबही जात नव्हता. निश्चल पिवळा रंग, नुसता. त्यांनी आणखी जोर केला, जाळ वाढला, आणि पुढच्या क्षणी त्यांच्या हातात नणंदेच्या कमरेला बांधलेला तरंगता फुगा होता. तो कधी धरला, ते त्यांना कळलंच नाही.

बाई आपल्या छोट्या होडीतून बाजूला आल्या. बाई तरुण होत्या, उन्हाने रापलेल्या, कमी बोलणाऱ्या. "धरलंत," त्या म्हणाल्या.

"दिसलं मला."

"पुढच्या रविवारी शेवटची फेरी घेते. त्याच्या पुढच्या रविवारी खडक. मग वारा फिरतो, समुद्र बंद."

परत येताना नणंदेने त्यांना ओढत आणलं, आणि ओढताना तोंड बंद ठेवणं तिला जमणारं नव्हतं. "नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. तुझं काय, वहिनी? पोहता येईना, फिन वाकडे?"

पायरीवर चढताना वहिनींनी दोन्ही हातांनी कठडा धरला आणि पहिल्यांदाच त्यांच्या डोक्यात आलं की हे कदाचित होणार नाही.

*

संध्याकाळी त्या पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. उजवा गुडघा सुजून फणसाच्या आठळीसारखा गुळगुळीत झाला होता. दादांनी, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याने, टॉवेलात बर्फ गुंडाळून आणला. नणंद त्यांना दादा म्हणे म्हणून सगळेच म्हणत. ते बंदरात क्रेन चालवून निवृत्त झाले होते. पोहता येत नव्हतं, पण रोज सकाळी धक्क्याच्या टोकावर पोटावर आडवे होऊन पाण्यात बघत पडत. उंचावरून खाली बघण्यात सगळं आयुष्य गेलेलं, ती सवय जाईना.

"बदलून आण ते फिन," ते म्हणाले.

"फिनला काय झालंय? उत्तम आहेत. माझेच पाय गेलेत कामातून."

"मी वरून बघत होतो."

"मग?"

"तू पोहत नव्हतीस. सायकल चालवत होतीस. टाचा पाण्याबाहेर येत होत्या, गुडघे पोटाकडे. आणि पातं जागच्या जागी. ओझं जड असलं आणि हललं नाही, की क्रेनचा दांडा वाकतो. काहीतरी वाकतंच. ओझं नाही तर दांडा."

"मी काय क्रेन आहे?"

"नाही, क्रेन ऐकते."

वहिनींनी उशी फेकून मारली. त्यांना दुसऱ्याचं म्हणणं पटायला वेळ लागे, पण डोळ्यांनी बघितलेलं लगेच पटे. त्या म्हणाल्या, "ते फिन आणा इकडे. आणि तुम्ही पाणी व्हा."

"काय होऊ?"

"पाणी. मी पालथी पडते, पाय बाहेर काढते, तुम्ही पातं धरून ठेवा. मी ढकलणार, तुम्ही अडवायचं, पण सोडायचंही हळूहळू. पाण्यासारखं."

"लग्न झाल्यापासून दुसरं काय करतोय?" दादा म्हणाले, आणि पलंगाच्या पायथ्याशी खाली बसले.

बराच खटाटोप झाला. आधी फिन पायात जाईना, मग वहिनींना पालथं होताना उशी कुठे घ्यायची ते कळेना, मग दादांना हसू आवरेना. शेवटी वहिनींनी मांडीपासून पाय खाली दाबला. दादांच्या हातात पातं तसंच सरळ, हट्टी. आणि वहिनींना स्वतःचा गुडघा वाकताना जाणवला. त्यांनी तो वाकवला नव्हता, तो आपण होऊन वाकला, दोन दगडांच्या मध्ये सापडलेल्या दोरीसारखा. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"दुखलं?"

"गप्प बसा जरा."

पालथ्या पडूनच त्या विचार करत राहिल्या. जमिनीवर माणसाचं वजन खाली येतं, म्हणून तळ घट्ट हवा, तो वाकला तर भार गुडघ्यावर. पाण्यात खाली काही येतच नाही. तिथे माणूस उभाच नसतो. तिथे पाय ढकलतो आणि पाणी अडवतं, आणि त्या दोघांच्या भांडणात कुणीतरी माघार घ्यायची असते. फिनने घेतली नाही तर गुडघ्याने. इतकं साधं. आणि आपण मांडणीतला माघार घेणारा प्रत्येक फिन वाकवून वाकवून बाहेर काढला होता.

"अहो," त्या उशीत तोंड खुपसून म्हणाल्या, "मी त्याला बूट म्हणून घेतला."

"मग काय म्हणून घ्यायचा?"

"ते उद्या सांगते. आधी हा काढा पायातून, मुंग्या आल्या."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानातून सुट्टी घेऊन वहिनी काठी टेकत दाढीवाल्याकडे गेल्या. काही घडलंच नाही अशा थाटात त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली.

"ती पायपुसणी दाखवा."

दुकानदाराच्या दाढीत काहीतरी हललं. "कुठली? तुम्ही सगळ्यांनाच पायपुसणी म्हणालात."

"मग सगळीच दाखवा. आणि हे परत घेणार नसलात तर नका घेऊ, नातवाला होतील मोठेपणी. पण यावेळी मी बघून घेणार नाही, घालून घेणार. पाण्यात."

"पाण्यात घातलेला माल मला विकता येत नाही."

"आमच्याकडे गिऱ्हाईक बूट घालून सगळं दुकान पालथं घालतं, आरशापुढे नाचतं, आणि तरी 'उद्या येतो' म्हणून जातं. आम्ही जगलोच ना? भाड्याने देता ते जोड असतील तुमच्याकडे. ते द्या. रोज सकाळी एक."

"दुसऱ्याच्या पायात मुरलेले असतात ते."

"मोजे घालीन," त्या म्हणाल्या.

तो मागच्या खोलीत गेला आणि तीन जोड घेऊन आला. फार बोलायचा कंटाळा होता तरी एवढं मात्र म्हणाला, "पाय मोठा मारू नका. लांब ठेवा. कमरेतून हलवा, लहान. गुडघा नुसता मागून येऊ दे. आणि बेडकासारखा पाय फाकवून मारायचा नाही, गुडघ्याच्या आतल्या बाजूला तो सगळ्यात वाईट."

"हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"त्या दिवशी तुम्ही सांगत होतात."

यावर वहिनी मनापासून हसल्या. उत्तर आवडलं की त्या ते ठेवून घेत.

सूज उतरायला दोन सकाळी गेल्या. मग धक्क्याच्या आतल्या शांत पाण्यात त्यांची परीक्षा सुरू झाली, फिनची. दादा वर पोटावर आडवे. पाण्यात कान बुडालेल्या माणसाशी बोलायचं कसं, तर दादांनी बंदरातल्या खुणा काढल्या. मूठ मिटली म्हणजे थांब. अंगठा खाली म्हणजे टाचा वर येताहेत, खाली घे. तळहात सपाट करून सावकाश हलवला म्हणजे असंच चालू दे. आयुष्यभर त्यांनी खालच्या माणसाच्या खुणा पाळल्या होत्या. आता खाली त्यांची बायको होती आणि खुणा करायचा हक्क त्यांच्याकडे आला होता. ते जरा जास्तच खुणा करत.

पहिला जोड आखूड होता, पण जाड रबराचा. पातं वाकायचं, गुडघा गप्प राहायचा, मात्र पाय उचलायलाच जड, आणि थोड्या वेळाने घोटे ओढू लागले. "नाकापेक्षा मोती जड," म्हणून वहिनींनी तो धक्क्यावर भिरकावला. दुसरा तो फाटका, मधून चिरलेला. त्याने त्यांना गोंधळात टाकलं. पाय हलवताना काही लागतच नव्हतं. पाण्याशी भांडण नाही, धक्का नाही, जाळ नाही. त्यांना वाटलं, हा काम करत नसणार. वर बघितलं तर दादा तळहात सपाट करून हलवत होते, आणि धक्क्याची पायरी भलतीच मागे राहिली होती.

त्या तिथेच उताण्या होऊन तरंगत राहिल्या. बुटांच्या दुकानात त्या गिऱ्हाइकाला एकच प्रश्न शेवटी विचारत: काय जाणवतंय? "काही नाही," असं कुणी म्हणालं की खोकं बंद करून बांधायला घेत. पाय ज्याला विसरतो तो बूट खरा. तेवढं मात्र इथेही तसंच होतं. म्हणजे आपल्याला जे येत होतं ते सगळंच काही वाया गेलं नाही. त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटतंय हे कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

पण त्या फाटक्याची टाच बंद होती. घालताना पुन्हा गुडघा दुमडा, पुन्हा शूहॉर्न, पुन्हा नणंदेचं ते 'लग्नाला निघालीस का'. पोहण्यात वाचवलं ते पायरीवर खर्च. तिसरा जोड चिरलेला नव्हता, पण पातं तितकंच मऊ आणि हलकं, मागे उघडा आणि टाचेला स्प्रिंगचा पट्टा. छातीइतक्या पाण्यात उभं राहून, धक्क्याला एक हात टेकून, पाय थोडा मागे घ्यायचा आणि पट्टा वर ओढायचा. गुडघा जेमतेम वाकतो. वहिनींनी तो घातला, काढला, घातला. मग दादांकडे बघून स्वतःच तळहात सपाट करून हलवला.

"तू कशाला खुणा करतेस?" दादा वरून ओरडले. "ते माझं काम आहे!"

दाढीवाल्याकडून त्यांनी त्याच जातीचा नवा जोड घेतला, यावेळी मोज्यांसकट घालून, माप स्वतः बघून. त्याने नंबर सांगितला तो एकाने चुकला होता. वहिनींनी ते दोनदा बोलून दाखवलं.

*

रविवारी धक्क्याच्या टोकाशी पाण्याला जरा जास्तच ओढ होती. बाई होडीत बसून प्रत्येकीला सोडत होत्या. वहिनींची पाळी आली तेव्हा बाईंनी आधी फिनकडे बघितलं, मग गुडघ्याकडे.

"दुखलं तर हात वर करा. त्यात लाज नाही."

"लाजेचा प्रश्न नाही," वहिनी म्हणाल्या. "हात वर केला तर खडक जाईल."

"जाईल."

"मग नाही करणार."

नणंद त्यांच्या शेजारी उतरली, फुगा कमरेला बांधून. "मी बाजूला आहे, वहिनी."

"राहा, पण लांब. तुमचा फुगा बघितला की माझा हात शिवशिवतो."

निघाल्या. धक्क्याचं टोक आलं. ओढ लागली, तीच, तिथेच. आणि शरीराला जे माहीत असतं ते त्याने करायला घेतलं: जोरात मार, गुडघ्यातून मार. वहिनींना पाय वर उचलला जाताना कळलं. त्यांनी तो थांबवला. कमरेतून, लहान. लांब. पातं मागे कुठेतरी वाकत होतं, ते दिसत नव्हतं, लागतही नव्हतं, आणि त्या पुढे जातायत की नाही हेसुद्धा कळायला मार्ग नव्हता. खाली तळाची वाळू होती. तिच्यावर एक फुटका शंख. त्यांनी त्या शंखावर नजर धरली. बराच वेळ तो तिथेच होता. मग तो थोडा मागे सरकला. मग छातीखाली आला, पोटाखाली गेला, आणि दिसेनासा झाला.

बाकीच्या बायका वळसा घालून परत यायला लागल्या होत्या. एकेक सावली त्यांच्या बाजूने उलट गेली. वहिनींनी मान वर केली नाही. उजव्या गुडघ्यात कुरकुर होती, तिला त्या ओळखत होत्या, ती जिन्यातलीच होती, जाळ नव्हता. कुरकुरीबरोबर त्यांनी पूर्वीही खूप चालून काढलं होतं. त्यांना एकदम वाटलं, हे जमणार आहे. असं वाटण्यात नेहमी थोडी भीती असते. ती त्यांनी घेतली नाही.

बोयाचा साखळदंड खाली हिरव्या शेवाळाने भरलेला दिसला. त्यांनी त्याला हात न लावता वळसा घातला. परत येताना ओढ पाठीशी होती, आणि धक्क्याच्या टोकावरून दादा दोन्ही तळहात सपाट करून इतके जोरात हलवत होते की शेजारचा गळ टाकून बसलेला माणूस वैतागून उठून गेला.

पायरीशी आल्यावर वहिनींनी नळी काढली. "धरलं का मी काही?"

"नाही," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही फार हळू आहात. खडक याच्या तिप्पट लांब. तुमच्यासाठी सगळ्या जणी तिथे गारठत थांबणार का?"

नणंद काहीतरी बोलायला पुढे झाली. वहिनींनी तिला हाताने मागे सारलं.

"नियम काय होता? न धरता परत यायचं. वेगात यायचं असं तुम्ही म्हणाला नव्हतात."

"नव्हते म्हणाले."

"मग त्यांना थांबायला नका लावू. मी आधी निघते. सगळ्या कपडे बदलताहेत, वाफ धरू नये म्हणून चष्म्यात थुंकताहेत, एकमेकींच्या नवऱ्यांना नावं ठेवताहेत, तेवढ्यात माझं अर्धं अंतर होईल. रोज किती वेळ जातो त्यात, मी बघितलंय."

बाई पहिल्यांदा हसल्या. "एकट्या नाही सोडणार."

"वन्सं आहेत ना. त्यांना नावं ठेवायला नवराच नाही."

"बघा कशी बोलते!" नणंद म्हणाली, पण फुग्याची दोरी तिने लगेच घट्ट करून बघितली.

*

पुढच्या रविवारी वारा पडलेला होता. वहिनी आणि नणंद बाकीच्यांच्या बऱ्याच आधी पाण्यात उतरल्या. नणंदेला हळू पोहायची सवय नव्हती, ती पुढे जाई, थांबे, मागे वळून बघे, पुन्हा पुढे जाई, आणि वहिनी पाय लांब ठेवून, त्याच त्या लहान हालचालींनी येत असत. बोया मागे गेला. तळ हळूहळू निळा होत गेला, मग तळ असा राहिलाच नाही, नुसता उजेड खाली खाली जात राहिला.

मग खडक आला. पाण्यावर दिसायचा तेवढा तो नव्हताच. खाली त्याची भिंत उतरत गेली होती, भेगाभेगांतून लाल, जांभळ्या, पिवळ्या झुडपांसारखं काहीतरी फुटलेलं, आणि त्यांच्यावर चंदेरी माशांचा एक मोठा थवा नुसता उभा होता. इतके मासे, आणि घाई कुणालाच नाही. वहिनी त्यांच्यावर तरंगत होत्या. थव्याने एकदम वळण घेतलं, सगळा मिळून एकदाच चमकला, आणि पुन्हा उभा राहिला.

नणंदेने त्यांच्या दंडाला हात लावून भिंतीतल्या एका कपारीकडे बोट दाखवलं. तिथे काहीतरी मोठं, ठिपक्याठिपक्यांचं, तोंड उघडं टाकून बसलं होतं. हे तिने चहा पिताना कधीच सांगितलं नव्हतं. बहुधा तिलाही आजच दिसलं. हळू येण्याचा फायदा.

बाकीच्या बायका पाणी उडवत आल्या, खडकाला वळसा घातला, ओरडल्या, हसल्या. बाईंनी होडीतून शिट्टी वाजवली. परत फिरायचं. वहिनींनी ऐकलं. त्यांनी डोकं वर काढलं नाही.

शिट्टी पुन्हा वाजली. नणंदेने त्यांचा खांदा हलवला. "वहिनी, चल! बाई बोलावतात."

वहिनींनी नळी तोंडातून काढली, चष्मा कपाळावर सरकवला. ओठ निळसर पडले होते आणि डोळ्यांभोवती रबराची गोल खूण उमटली होती.

"ओढ आता पाठीशी आहे," त्या म्हणाल्या. "येताना मी आधी निघाले, तर जाताना शेवटी निघेन. हिशेब बरोबर आहे. सांगा बाईंना."

"तू सांग. मला ओरडतील."

"तुम्ही व्हा पुढे, वन्सं. तो कपारीतला अजून बाहेर आलेला नाही."

त्यांनी चष्मा खाली ओढला, नळी तोंडात धरली आणि पुन्हा आडव्या झाल्या.